हाताने चुण्या घालताना दोरा तुटतो आणि चुण्या एकसारख्या येत नाहीत

नवशिकी

नमस्कार. मी काही महिन्यांपासून हाताने शिवायला शिकत आहे. शिलाई मशीन माझ्याकडे नाही आणि तूर्त घेण्याचा विचारही नाही. सध्या लहान मुलीचा एक फ्रॉक शिवायला घेतला आहे. त्याच्या वरच्या भागाची कंबर शिवून 56 सेंमी आहे, तर घेराचे कापड दोन्ही बाजूंच्या शिवणी घातल्यानंतर 112 सेंमी आहे. कापड पातळ सुती आहे आणि शिवणीसाठी 1.5 सेंमी माया (शिवणीबाहेरचे जादा कापड) सोडली आहे.

कडेपासून साधारण 1 सेंमीवर मी सबंध घेराला एकच धावदोरा घातला आणि तो एका टोकाने ओढत गेले. पहिल्या वेळी दोरा निम्म्यावर तुटला. दुसऱ्या वेळी तो टिकला, परंतु चुण्या ओढण्याच्या टोकाशी दाटल्या आणि पलीकडचे कापड जवळजवळ सपाटच राहिले. शेवटी बोटांनी सारून कशाबशा सारख्या केल्या, तर वरच्या भागाला जोडताना त्या आडव्या पडल्या आणि जागोजागी निऱ्यांसारख्या घड्या दिसू लागल्या. माझे टाके साधारण 1 सेंमी लांबीचे होते. दोष दोऱ्याचा आहे, टाक्यांचा आहे की माझ्या पद्धतीचाच आहे, हे कृपया सांगावे.

उलटी टीप

आपण मापे दिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. दोष थोडाथोडा तिन्ही ठिकाणी आहे, मात्र सर्वांत मोठा दोष एकाच ओळीत चुण्या घालण्याचा आहे.

धावदोऱ्याची एक ओळ ओढली की कापड त्या रेषेवर गोळा होते खरे, पण रेषेच्या वर आणि खाली त्याला धरून ठेवणारे काहीच नसते. म्हणून प्रत्येक चुणी त्या दोऱ्याभोवती मोकळी फिरते आणि जोडताना सुईचा किंवा बोटाचा धक्का लागताच आडवी पडते. समांतर दोन ओळी घातल्या की चुणी दोन ठिकाणी धरली जाते आणि सरळ उभी राहते. आपली शिवण कडेपासून 1.5 सेंमीवर येणार असल्यामुळे पहिली ओळ 1.2 सेंमीवर आणि दुसरी 1.8 सेंमीवर घालावी, म्हणजे शिवणरेषा बरोबर दोहोंच्या मधून जाईल. दुसऱ्या ओळीचे टाके पहिल्या ओळीच्या टाक्यांच्या अगदी खाली यायला हवेत, कारण ते मागेपुढे झाले की दोन दोरे कापडाला दोन वेगळ्या जागी दुमडू पाहतात आणि चुण्या चुरगळल्यासारख्या दिसतात.

टाक्याची लांबी म्हणजे जवळजवळ चुणीची खोलीच असते. एक सेंटिमीटरचा टाका घेतला तर एक सेंटिमीटर खोलीची घडी पडणार. आपल्याला निऱ्यांसारखे जे दिसले ते हेच. पातळ सुती कापडावर 3 ते 4 मिमीचे टाके घ्यावेत. वेळ बराच लागतो, हे नाकारत नाही.

दोरा तुटण्याचे कारण असे की प्रत्येक टाक्यापाशी कापड दोऱ्याला थोडे घासते आणि हे घर्षण टाक्यागणिक साठत जाते. 112 सेंमीचे कापड एका टोकाने ओढताना शेवटच्या टाक्यापर्यंतचा सगळा भार आपल्या बोटांजवळच्या दोऱ्यावर येतो. चुण्या तिथेच का दाटल्या, याचे उत्तरही त्यातच आहे. म्हणून पुढच्या आणि मागच्या भागासाठी स्वतंत्र दोरे घ्यावेत, बाजूच्या शिवणीपाशी थांबावे (तिथे कापडाचे थर जास्त असल्याने दोरा नीट सरकतही नाही) आणि दोन्ही टोके मोकळी ठेवून दोहोंकडून मध्याच्या दिशेने ओढावे.

ओढण्यापूर्वी एक काम मात्र न चुकता करावे. घेराच्या पुढच्या 56 सेंमीचे 14-14 सेंमीचे चार भाग करून खुणा कराव्यात आणि वरच्या भागाच्या पुढच्या 28 सेंमीवर 7-7 सेंमीवर खुणा कराव्यात. मागेही तसेच. सुलट बाजू समोरासमोर ठेवून खुणेला खूण टाचणीने जोडावी आणि त्यानंतरच दोरे ओढावेत. मग आपल्याला सबंध कंबर सांभाळायची नसते, एका वेळी फक्त 7 सेंमी सांभाळायचे असतात. भाग बरोबर बसला की दोऱ्यांची टोके टाचणीभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळावीत. गाठ लगेच मारू नये, कारण थोडे सैल करावे लागतेच.

मेणाचा दोरा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त दोऱ्याविषयी भर घालतो. चुण्यांचा दोरा तुटला की अनेक जण तो दुहेरी घेतात. माझ्या मते हाताने चुण्या घालताना दुहेरी दोरा टाळावा, कारण त्याचे दोन पदर क्वचितच सारखे ताणले जातात. एक सैल राहून फासा पडतो आणि सगळा भार दुसऱ्यावर येतो. त्याऐवजी एकेरी पण मजबूत पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा आणि तो मेणावरून एकदा फिरवावा, म्हणजे पीळ पडत नाही आणि सरकतोही चांगला. 56 सेंमीच्या भागासाठी सुमारे 80 सेंमी दोरा पुरतो. रंग कापडापेक्षा वेगळा असावा, म्हणजे नंतर काढताना शिवणीचा दोरा चुकून कापला जात नाही.

कापडाची दिशाही पाहावी. चुण्यांच्या घड्या कापडाच्या उभ्या धाग्याच्या (किनारीला समांतर) दिशेने पडल्या तर घेर मऊ लोंबतो. आडव्या धाग्याच्या दिशेने पडल्या तर तो फुगून उभा राहतो. आपला घेर कापून झाला आहे, त्यामुळे हे पुढच्या वेळेसाठी.

कातरबाई

दुप्पट कापड हे प्रमाण पातळ ते मध्यम सुती कापडाला योग्य आहे. जाड कापडाला दीडपट पुरे होते, तर अगदी झिरझिरीत कापडाला अडीच ते तीनपट लागते, नाहीतर चुण्या विरळ आणि केविलवाण्या दिसतात. शंका असेल तेव्हा उरलेल्या कापडाचा 20 सेंमीचा तुकडा घेऊन त्यावर दोन ओळी घालाव्यात, हव्या तितक्या दाट चुण्या करून तुकडा पुन्हा मोजावा. तो 10 सेंमी भरला तर प्रमाण दुप्पट. हा तुकडा मी वहीत चिकटवून ठेवते.

नवशिकी

सर्वांचे आभार. काल सगळे उसवून पुन्हा केले. टाके 4 मिमीचे घेतले, पुढचा आणि मागचा भाग वेगळा ओढला, दोरा एकदाही तुटला नाही. बाजूच्या शिवणींजवळ दोन्हीकडे बोटभर जागा मात्र सपाट राहिली आहे. शिवाय 1.8 सेंमीवरची ओळ सुलट बाजूने दिसते आहे. ती केव्हा काढावी, आणि इस्त्री कशी करावी?

उलटी टीप

सपाट जागा राहिली याचा अर्थ धावदोरा शिवणीच्या बराच अलीकडे थांबला असावा. तो शिवणीला जवळजवळ टेकेपर्यंत न्यावा. जोडलेले नसेल तर तेवढ्या जागेत वेगळ्या दोऱ्याने चार-पाच टाके घालून ओढून घेता येईल.

जोडताना चुण्यांची बाजू आपल्याकडे ठेवावी आणि शिवणरेषेवर बारीक उलटी टीप (प्रत्येक टाका थोडा मागे येऊन घ्यायचा) घालावी. प्रत्येक टाक्याआधी सुईच्या टोकाने चुणी सरळ करून घ्यावी. पूर्ण शिवण पक्की झाल्यावरच खालची ओळ काढावी. सुती कापडावर सुईची छिद्रे पहिल्या धुण्यात बुजतात. सॅटिनवर ती राहतात, म्हणून तसल्या कापडावर दोन्ही ओळी मायेतच घालाव्यात आणि चुणी किंचित हलेल हे गृहीत धरावे.

इस्त्री फक्त मायेवर करावी आणि माया वरच्या भागाकडे वळवावी. घेरावर इस्त्री फिरवायची झाल्यास खालच्या कडेकडून वर जावे, टोक चुण्यांच्या मधे शिरवावे आणि शिवणीजवळ थांबावे. आडवी फिरवलीत तर चुण्या पुन्हा निऱ्या होतील.