‘ओपन फॉरेस्ट’ला खुले वन म्हणावे की विरळ वन?

तळटीप
मादागास्करच्या मध्यवर्ती पठारावरील तापिया वृक्षांच्या वनांविषयीचा मजकूर मराठीत आणताना मी ‘ओपन ब्रॉडलीव्हड फॉरेस्ट’पाशी अडलो आहे. मी योजलेल्या ‘खुले रुंदपर्णी वन’मधले ‘खुले’ संपादकांनी खोडून ‘विरळ’ केले. खुले वन म्हटल्यास कोणालाही प्रवेश असलेले वन असा समज होतो, हे त्यांचे म्हणणे मान्य आहे. परंतु ‘विरळ’ म्हणताच पूर्वी दाट होते आणि तोडीने उजाडले, असा अर्थ चिकटतो. तापियाची जाड साल वणव्यात तग धरते, झाडे अंतराअंतरावर वाढतात आणि मधल्या जागेत गवत असते. ही त्या वनाची घडण आहे, उणीव नव्हे.

माळरान
‘विरळ वस्ती’ म्हटल्यावर गाव ओस पडले असे कोणी समजत नाही. अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत वन ठरण्यासाठी वृक्षछत्र, म्हणजे झाडांच्या शेंड्यांखाली झाकलेली जमीन, १० टक्क्यांहून अधिक असावे लागते. मोजायचे असते ते छत्रच, म्हणून ‘विरळछत्र वन’ हा शब्द नेमका ठरेल.

शब्दवेध
इतकी जोडाजोड कशाला? ‘जंगल’ आहेच. आयुर्वेदातील जांगल देश म्हणजे कोरडा, तुरळक झाडांचा प्रदेश, आणि त्याच्या उलट पाणथळ, दाट झाडीचा तो आनूप देश. ‘घनदाट जंगल’ म्हणताना आपण हा शब्द मुळाच्या विरुद्ध टोकाला नेला आहे.

तळटीप
व्युत्पत्ती मोहक आहे, तरीही ‘जंगल’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या बेटाच्या पूर्वेकडचे सदाहरित पर्जन्यवनच उभे राहील, आणि मला तर नेमका त्याच्याशी असलेला फरक दाखवायचा आहे.

शब्दवेध
वाचकाच्या सवयीपुढे दरवेळी मान तुकवायची, तर मूळ अर्थ जपायचे कोणी?

पाणंद
फ्रेंचमध्ये अशा वनाला ‘फोरे क्लेर’ म्हणतात. ‘क्लेर’मध्ये उजळ आणि विरळ या दोन्ही छटा आहेत, आणि ऊन जमिनीपर्यंत पोहोचते म्हणूनच तेथे गवत टिकते. मी ‘उजळ वन’ म्हणेन.

माळरान
‘उजळ’ काव्यात शोभेल, तक्त्यात नाही. शिवाय ‘रुंदपर्णी’वर कोणीच आक्षेप कसा घेतला नाही? ज्यावर रानरेशमाचे सुरवंट पोसतात ते तापियाचे पान चामड्यासारखे जाड आणि चिवट असते. ‘ब्रॉडलीव्हड’चा रोख केवळ ते सूचिपर्णी नाही एवढाच आहे.

पाणंद
मग ‘पसरट पानांचे’ म्हणावे काय? ‘पर्णी’ने अंत होणारे शब्द मला कानाला जडच वाटतात.