सिटीज: स्कायलाइन्स – रस्त्याखालून मेट्रो न्यायची आहे, सल्ला हवा

पेठेतला_महापौर

मंडळी, सिटीज: स्कायलाइन्स या शहर उभारायच्या संगणक खेळाचा पहिला भाग खेळतोय, २०१५ सालचा. लॅपटॉप जुना आहे, त्यामुळे 'दुसरा भाग घ्या' हा सल्ला कृपया नको. लोकसंख्या साठ हजारांच्या वर गेली आणि गावातला मधला सहापदरी रस्ता वाहतुकीच्या नकाशावर लालभडक झालाय, म्हणजे तुंबलाय. बस आहेत, पण त्याही त्याच कोंडीत अडकतात. आता मेट्रो घालायची आहे. इमारती पाडायच्या नाहीत, म्हणून सगळी भूमिगत, आणि शक्यतो बरोबर रस्त्याखालून.

जमिनीखालचं दृश्य चालू झालं की वरचे रस्ते फिकट होतात आणि वळणावर रूळ भलतीकडेच जातात. ते रेषेत कसे ठेवायचे? दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथे काय करायचं? मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या) कमीत कमी हवेत.

बोगदेबहाद्दर

आधी हे विचारतो, रस्त्याखालूनच का? बोगदा रस्त्याखाली आहे की कुणाच्या घराखाली, याचं खेळाला काही देणंघेणं नाही. इमारतींचे पाये, पाण्याचे पाइप, काहीही आड येत नाही. नुकसानभरपाई नाही, कोर्टकचेरी नाही. सरळ रेषेत न्या आणि मोकळे व्हा. रस्ता लागतो तो फक्त स्टेशनाच्या प्रवेशद्वाराला.

क्रम मात्र पाळा. आधी सगळी स्टेशनं, मग रूळ. स्टेशन ठेवताना फलाटाची टोकं कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते जमिनीखालच्या दृश्यात बघून घ्या. शेजारच्या स्टेशनाचा फलाट त्याच रेषेत असेल तर रूळ एका फटक्यात सरळ जातो. फलाट काटकोनात असले की नागमोडी वळण घ्यावं लागतं आणि तिथे गाडीचा वेग पडतो. तुमचे रूळ 'भलतीकडे' जाण्याचं कारण बहुधा हेच असावं.

रुळावरून_घसरलेली

बहाद्दर, थोडी असहमत. आज सगळं भूमिगत ठीक आहे, पण उद्या उपनगरात हाच मार्ग वर काढावासा वाटेल. मार्च २०२० मध्ये सनसेट हार्बर हा विकतचा जोडभाग आला तेव्हाच्या मोफत अपडेटपासून मूळ खेळातच जमिनीवरचे आणि उन्नत रूळ मिळतात, आणि उन्नत मार्ग भूमिगतपेक्षा दिसायला कितीतरी छान. बोगदा रस्त्याच्या कडेने येत असेल तर तोंड काढायला जागा सापडते. इमारतींच्या पोटातून येत असेल तर तिथे पाडापाडी आलीच. चढाला लांबी बरीच लागते, नाहीतर उतार फार तीव्र म्हणून खेळ नकार देतो.

शिवाय रस्त्याखालून जाण्याला इतिहास आहे. लंडनमध्ये १८९० साली सुरू झालेल्या सिटी अँड साउथ लंडन रेल्वेने बोगदे मुद्दाम रस्त्यांखाली ठेवले, कारण खासगी जागेखालून गेलं की मालकाला पैसे द्यावे लागत. गल्ली अरुंद होती तिथे दोन बोगदे शेजारीशेजारी न ठेवता एकावर एक घेतले. कोलकात्याची मेट्रो, १९८४ ची, देशातली पहिली, तीही बरीचशी रस्ता उकरून आणि वर झाकण घालून केलेली. ज्याला खरंखुरं दिसणारं शहर हवंय त्याने रस्त्याखालूनच जावं, असं माझं मत.

पेठेतले महापौर, रेषेत ठेवायची युक्ती अशी. एका दमात लांब रूळ ओढू नका. रस्त्याच्या प्रत्येक चौकाखाली थांबा, तिथे एक जोड (रुळाचे दोन तुकडे मिळतात तो बिंदू) पडू द्या. वळणावर वक्र अवजार घ्या आणि वरचा रस्ता काढताना जिथून वळण सुरू केलं होतं तिथूनच खाली सुरू करा. तरीही बोगदा सरकला तर 'मूव्ह इट' मॉडमध्ये भूमिगत दृश्य चालू करून जोड हाताने खेचता येतात. अंश आणि लांबी दाखवणारं 'प्रिसिजन इंजिनिअरिंग' सोबतीला ठेवा. बस्स, दोन मॉड. जुन्या धाग्यांत 'मेट्रो ओव्हरहॉल' सुचवलेलं दिसेल. रूळ वर आणायला २०२० च्या आधी ते लागायचं, आता त्यासाठी गरज नाही.

बोगदेबहाद्दर

ताई, तोंड काढायच्या जागेचा मुद्दा मान्य. सौंदर्याचा नाही :)

छेदणाऱ्या मार्गांचं राहिलं. दोन्ही बोगदे एकाच खोलीवर असतील तर खेळ त्यांचा सांधा करून टाकतो आणि दोन्ही मार्गांच्या गाड्या तिथे एकमेकींसाठी खोळंबतात. दुसरा मार्ग ओढताना पेज डाउन दाबून खाली न्या. उंचीचा टप्पा बदलायचं बटण आहे, १२, ६ किंवा ३ मीटर. पहिल्यांदा १२ च घ्या, कटकट नको. अदलाबदलीसाठी दोन वेगळी स्टेशनं जवळजवळ ठेवली तरी पुरतं, लोक पायी जातात. पुण्यात सिव्हिल कोर्टला वनाझ-रामवाडी मार्ग वरून जातो आणि पिंपरी-स्वारगेट मार्ग खोल खालून. तसंच करा.

मालगाडी_प्रेमी

सगळे खोदायला निघालेत, पण त्या लाल रस्त्यावर आहे कोण ते कुणी बघितलं का? वाहतुकीच्या दृश्यात मार्ग दाखवायची सोय आहे. तो रस्ता निवडा. पादचारी, खासगी गाड्या, ट्रक असे वेगवेगळे रंग दिसतील, एकेक प्रकार बंद करूनही पाहता येतं. ट्रक जास्त असतील तर मेट्रोने केसभरही फरक पडणार नाही. मेट्रो माणसं उचलते, लाकूड आणि धान्य नाही. त्यावर उपाय मालवाहू रेल्वे स्थानक, किंवा उद्योग क्षेत्रातून महामार्गाला थेट जोडणारा वेगळा रस्ता.

अवांतर: या खेळातली माणसं खिशातून मोटार काढतात, हे लक्षात असू द्या. घरातून चालत निघालेला मनुष्य रस्त्याच्या कडेला अचानक गाडीत बसलेला दिसतो. त्यामुळे 'पार्किंग नाही म्हणून लोक मेट्रोने जातील' हा हिशेब इथे करू नये.

पेठेतला_महापौर

मार्ग पाहिले. उत्तरेकडचा अर्धा रस्ता ट्रकांनीच भरलाय, दक्षिणेला मात्र खासगी गाड्या. म्हणजे मेट्रो फक्त दक्षिणेला आणि उत्तरेला मालगाडी, असं करतो. ताईंच्या पद्धतीने चौकाचौकात जोड पाडले, रूळ आता रस्त्याखालीच बसलेत.

नवी अडचण: पाच स्टेशनं एका ओळीत आहेत. पाचव्यावरून मार्ग पहिल्याला जोडून बंद केला, तर परतीच्या गाड्या मधल्या स्टेशनांवर न थांबता सुसाट जातात.

रुळावरून_घसरलेली

तुम्ही त्यांना थांबायला सांगितलंच नाहीत ना. एक, दोन, तीन, चार, पाच, मग परत चार, तीन, दोन अशा क्रमाने स्टेशनांवर माउसच्या टिचक्या मारा आणि शेवटी एकवर बंद करा. परतीच्या टिचक्या पलीकडच्या फलाटावर पडल्या पाहिजेत, तेवढं झूम करून पाहा. शेवटच्या स्टेशनात गाडी आपोआप उलटी फिरते, त्यासाठी वळसा बांधू नका.

बोगदेबहाद्दर

+१. आणि गाड्यांची संख्या मार्गाच्या चौकटीतल्या पट्टीवरून कमी करा. एका गाडीत १८० माणसं मावतात. साठ हजारांच्या गावात पाच स्टेशनांवर खेळ स्वतःहून देतो तेवढ्या गाड्या रिकाम्याच फिरतील आणि खर्च तुमच्या माथी. आधी स्टेशनांपाशी बस आणून सोडा, फलाटावर गर्दी दिसली की एकेक गाडी वाढवा.

नवा_खेळाडू_७

दुसऱ्या भागातही हेच चालेल का?

मालगाडी_प्रेमी

बरंचसं. पण तिथे मेट्रोला यार्ड (गाड्या ठेवायची जागा) लागतं आणि ते रुळांनी मार्गाला जोडावं लागतं, नाहीतर एकही गाडी बाहेर पडत नाही. पहिल्या भागात ही भानगड नाही. उंचीचे टप्पेही तिथे बारीक आहेत, सव्वा मीटरपर्यंत. बाकी विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे महापौरांचं खोदकाम चालू आहे.