एम.एफ.ए. (पेंटिंग) साठी गाइड कसा ओळखायचा? मुंबईतल्यांनी सांगा प्लीज

ठाण्याची_रेघ:
नमस्कार मंडळी. यंदा बी.एफ.ए. (चित्रकलेची पदवी) झालं, आता एम.एफ.ए. (पदव्युत्तर पदवी) करायचंय, शक्यतो मुंबईतच कारण घर ठाण्याला आहे आणि बाहेर राहायचा खर्च बाबांना झेपणार नाही. काहीजण जेजे (मुंबईचं सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट) म्हणतात, काहीजण बडोदा, पण माझा प्रश्न कॉलेजचा नाहीये, गाइडचा, म्हणजे कामावर मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाचा आहे. बी.एफ.ए. ला आमच्या सरांनी वर्षभरात माझं काम नीट बघितलंच नाही, सबमिशनला सही आणि मार्क, बास. पुन्हा दोन वर्षं तसंच गेलं तर काय उपयोग? चांगला गाइड आधी कळतो का?

कॅनव्हासवाली_वसई:
कळतो गं, पण नावावर जाऊ नकोस. जेजेचं वार्षिक प्रदर्शन बाहेरच्यांनाही बघता येतं, तिथे जा, आणि एका गाइडच्या हाताखालच्या मुलांची कामं शेजारी शेजारी बघ. सगळी एकाच माणसाने रंगवल्यासारखी वाटली तर जपून. मग त्या मुलांना चहाला गाठ आणि "सर चांगले आहेत का" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणणार, "सर शेवटचे तुझ्या स्टुडिओत कधी आले होते" असं विचार.

माझ्या मॅडम आल्या की तयार पेंटिंगकडे आधी बघायच्याच नाहीत, स्केचबुक मागायच्या, मागची पानं उलटत जायच्या आणि एखाद्या काट मारलेल्या पानावर बोट ठेवून विचारायच्या, "हे का सोडलंस?" माझी फायनलची मिठागरांची सिरीज अशाच एका पानातून निघाली. असं बघणारं माणूस शोध, प्रदर्शनं किती झाली ते नंतर.

गिरगावकर_काका:
वसईताईंशी सहमत. जुनं उदाहरण देतो. चित्रकार शंकर पळशीकर जेजेत शिकवायचे, पुढे डीन झाले. चित्रकार तय्यब मेहता त्यांचे विद्यार्थी आणि प्रभाकर कोलतेही. आता चित्रं बघा, तय्यबकडे तिरक्या रेषेने दुभंगलेल्या माणसांच्या आकृती, कोलत्यांकडे आकृतीच नाही, रंग आणि अवकाश. दोघांचीही चित्रं पळशीकरांसारखी नाहीत! मला तरी शिक्षकाची खरी परीक्षा हीच वाटते. जहांगीर आर्ट गॅलरीला जात जा, शो असला की चित्रकार बहुतेक वेळा तिथेच बसलेले असतात, तुम्ही कोणाकडे शिकलात आणि काय मिळालं हे सरळ विचारायचं, लोक भरभरून बोलतात.

आम्लछाप:
माझं मत थोडं वेगळं. बऱ्याच ठिकाणी गाइड डिपार्टमेंटच ठरवतं, निवडायला मिळतोच असं नाही, ते अॅडमिशनआधी विचारून घ्या. आणि एकाच माणसावर सगळा भार टाकू नका. मी प्रिंटमेकिंगचा (धातूच्या प्लेटवरून चित्रं छापणं), प्लेट अॅसिडमध्ये किती वेळ ठेवायची हे मला लॅबमधल्या असिस्टंट दादांनी शिकवलं, डिसर्टेशन थिअरीच्या मॅडमनी ओळन् ओळ वाचलं, गाइड सरांनी फक्त प्रश्न विचारले पण ते प्रश्न अजून कामाला येतात. आणखी एक, पहिल्याच महिन्यात भेटीचा वार ठरवून घ्या, काय बोलणं झालं ते त्याच दिवशी वहीत लिहा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा. सरांकडे पंधरावीस मुलं असतात हो, त्यांना कसं आठवणार?

ठाण्याची_रेघ:
खूप खूप आभार सगळ्यांचे! वहीचं तर लगेच सुरू करते. अॅडमिशनच्या आधीच एखाद्या सरांना भेटायला गेलं तर चालतं का? त्यांना आगाऊपणा वाटेल का? आणि काय घेऊन जाऊ?

कॅनव्हासवाली_वसई:
चालतं की, आधी मेल करून वेळ माग, परीक्षा आणि डिस्प्लेचे दिवस टाळ. कामांच्या फोटोंच्या आठदहा प्रिंट आणि स्केचबुक पुरे, कॅनव्हास लोकलमधून वाहून नेऊ नकोस. फक्त त्यात एक तरी अडलेलं, अर्धवट काम ठेव. चांगल्या कामावर सगळेच छान म्हणतात, त्या अर्धवट कामाशी ते किती वेळ थांबतात ते बघ.