लीद उचलून काय मिळतं?

‘लीद उचलून कसला आलाय व्यक्तिमत्त्व विकास?’ घोड्यांच्या शिबिरात मदतीला जाण्याबद्दल कुणीतरी विचारलेला हा प्रश्न वाचून हसू आलं. पहिल्या दिवशी मीही तेच पुटपुटत होतो.

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत, म्हणून घोडे. त्यांच्या तपासणी शिबिरात मी दोन हिवाळे मदतीला गेलो. काम काय, तर खरारा करायचा (म्हणजे ब्रशने अंग घासायचं) आणि खूर साफ करायचे. एक तपकिरी घोडी पायच उचलू देईना. मी ओढतोय आणि ती नेमकं त्याच पायावर वजन टाकतेय! घोडेवाले चाचा म्हणाले, “आधी तू श्वास सोड. खांदे बघ, कानाला लागलेत.” त्यांनी तिच्या खांद्यापासून खाली सावकाश हात फिरवत नेला, घोट्याच्या वर हलकेच दाबलं, आणि तिने पाय हातात दिला. खुरात लाल मातीत रुतलेला खडा निघाला.

घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही. बाजूने, बोलत जावं लागतं. ऑफिसात लोकांच्या मागे उभं राहून “झालं का?” विचारायची माझी सवय त्यानंतर सुटली. (बायकोच्या मते घरी अजून नाही.)

जायचं तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवार घोडेवाल्यांच्या धंद्याचे.