ख्रिसमसच्या आठवड्यात माणसं मरायची थांबतात का?

अनघा, रेडिंग
परवा या मंचावर एक आलेख आला होता. इंग्लंड-वेल्समधले साप्ताहिक मृत्यू डिसेंबरअखेर धाडकन खाली आणि जानेवारीत उसळून वर. खाली ओळ होती, 'सुट्टीत मृत्यू लपवले, नंतर हळूच सोडले.' तो फिरत फिरत माझ्या सासूबाईंपर्यंत सांगलीला पोचला. रात्री त्यांचा घाबरून फोन आला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ओएनएसचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाचा, तो आकडा मृत्यूंचा नसतो, नोंदणीचा असतो. शनिवार ते शुक्रवार रजिस्ट्रारकडे किती नोंदी झाल्या, एवढंच तो सांगतो. नाताळात कचेऱ्या बंद. २०१९ च्या नाताळच्या आठवड्यात साडेसात हजारांच्या आसपास नोंदी झाल्या. ३ जानेवारी २०२० ला संपलेल्या आठवड्यात १२,२५४ आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात १४,०५८. तेव्हा ब्रिटनमध्ये करोनाचा एकही रुग्ण सापडलेला नव्हता. ईस्टरला हेच होतं, मे महिन्यातल्या सोमवारच्या सुट्ट्यांनाही हेच.

खरी लाट बघायची तर १७ एप्रिल २०२० ला संपलेला आठवडा बघा. २२,३५१ नोंदी, एरवीच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. त्या आठवड्यात ईस्टर मंडेची सुट्टी होती, तरीही. मी तेव्हा इथेच होते. रात्रभर अँब्युलन्स ऐकल्या आहेत. त्या आकड्यांवर कुणी असली ओळ चिकटवली की संताप होतो.

खडकवासला
आलेख मीच टाकला होता. नोंदणीची तारीख वेगळी असते हे मलाही कळतं. पण मग हे सांगा: फेब्रुवारी २०२४ मध्ये ओएनएसने जादा मृत्यू, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त झालेले मृत्यू, मोजायची पद्धतच बदलली. २०२३ साली संपूर्ण युकेत जुन्या हिशोबाने ३१,४४२ जादा मृत्यू होते, नव्या हिशोबाने १०,९९४. वीस हजार माणसं कुठे गेली? यावर तुमच्या लांबलचक पोस्टमध्ये एक अक्षर नाही.

गणिती
माणसं कुठेही गेली नाहीत. एकूण मृत्यू तेवढेच आहेत, बदललाय तो 'अपेक्षित' आकडा. जुनी पद्धत मागच्या पाच वर्षांची सरळ सरासरी काढायची. लोकसंख्या वाढली, ऐंशीच्या पुढचे लोक वाढले, याचा त्यात विचारच नव्हता. गावात म्हातारी माणसं वाढली तर मृत्यूही वाढणार, त्याला जादा कसं म्हणायचं?

खडकवासला
मग हे शहाणपण आधी का सुचलं नाही? करोनाचं म्हणून २०२० वगळलं आणि करोनाचंच २०२१ सरासरीत घेतलं, तेव्हा कुणी बोललं नाही. आकडा अडचणीचा झाल्यावरच पद्धत बदलते.

स्नेहल, लेस्टर
तुमचं पद्धतीचं भांडण चालू द्या. नोंदणीला उशीर होतो म्हणजे घरात काय होतं ते मी सांगते. माझे सासरे १९ डिसेंबर २०२४ ला गेले, घरी, झोपेत. सप्टेंबरपासून मेडिकल एक्झॅमिनरने (मृत्यूचं कारण पडताळणाऱ्या डॉक्टरने) कागद तपासल्याशिवाय दाखला पुढे सरकत नाही. मधे नाताळ. नोंद झाली ७ जानेवारीला, दहन १३ ला. पंचवीस दिवस. तेरावा उलटून गेला आणि दहन व्हायचंच होतं. सासूबाई रोज विचारायच्या, सुतक धरायचं की नाही?

सातारकर आजोबा
ताई, वाईट वाटलं. पण शंका ठेवू नका, दिवस मृत्यूपासूनच धरायचे. दहनापासून मोजायचं ते फक्त आहिताग्नीचं. आपल्या घरांत आता कुणी अग्निहोत्री नाही.

नितीन_ठाणे
शास्त्र काहीही म्हणो, देह समोर असताना दहावा कसा करणार? आमच्या मावशीचं न्यू जर्सीत असंच झालं. आम्ही दहनापासून धरलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

सातारकर आजोबा
सोयीचं ते धर्म, असं चालत नाही.

नितीन_ठाणे
ज्याच्या घरात झालं त्याला शिकवू नका! ही सोय नव्हती, तो नाइलाज होता. मावशीचा मुलगा तीन आठवडे जेवला नाही नीट.

मंजिरी
आजोबा, नितीन, थांबा जरा. आपल्याकडे चार तासांत दहन होतं हे खरं. आजीचं झालं तसंच. पण दाखला मिळायला पाच महिने लागले, त्यात नाव चुकलेलं, आणि पेन्शन अडकली ती अडकलीच. कायद्याने नोंद एकवीस दिवसांत करायची असते. दर आठवड्याला देशाचा आकडा तर आपल्याकडे निघतच नाही. म्हणून २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू म्हटलं आणि सरकारने ते नाकारलं, तेव्हा सामान्य माणसाला पडताळून बघायला हातात काहीच नव्हतं. खडकवासला, तुम्ही आलेख काढू शकलात, कारण त्यांनी आकडे उघडे ठेवले. पद्धत बदलल्यावर दोन्ही हिशोबांचे आकडेही त्यांनीच छापले.

खडकवासला
भारताला मधे ओढायचं कारण नव्हतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये मी वडिलांना घेऊन पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत रांगेत उभा होतो. आकडा आणि माणूस यातलं अंतर मला शिकवू नका.

अनघा, रेडिंग
वडिलांचं माहीत नव्हतं. क्षमा करा. २०२१ सरासरीत घेणं मलाही पटलं नव्हतं, तेवढा मुद्दा तुमचा. पण 'लपवले' हा शब्द मी सोडणार नाही. स्नेहलच्या सासऱ्यांची तारीख पुन्हा वाचा. गेले डिसेंबरात, आकड्यात आले जानेवारीत. तुमच्या 'हळूच सोडले'मध्ये असेच लोक असतात.

खडकवासला
स्नेहलताई, ती ओळ काढली आहे. आलेख राहील. वीस हजारांचं गणितींचं उत्तर मला अर्धंच पटलंय, ते मी स्वतः आकडे लावून बघणार.

स्नेहल, लेस्टर
ओळ काढलीत, बरं वाटलं. आजोबा, आम्ही शेवटी वर्षश्राद्ध मृत्यूच्या तिथीलाच केलं. मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. सासूबाईंनी तेवढं पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं.