फीच्या अर्जाला 60 दिवस, मुलाच्या भेटीच्या अर्जाला मुदतच नाही?

कऱ्हाकाठ

धाकट्या भावाची केस चालू आहे. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण प्रश्न एकट्या भावाचा नाही.

हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 काढून वाचा. केस चालू असताना मुलाचा ताबा, पोटगी, शिक्षण यांबद्दल अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचे तात्पुरते, आदेश देता येतात. 2001 मध्ये त्याला एक पुरवणी जोडली: मुलाच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा. उत्तम. पण ताबा आणि भेट यांचा त्या पुरवणीत उल्लेखच नाही. शाळेची फी दोन महिन्यांत ठरली पाहिजे, असं संसदेला वाटलं. पोराला बाप कधी दिसणार, याची मात्र घाई नाही.

होतं काय, तर अर्ज टाकला की समोरचे वकील 'से' (लेखी म्हणणं) द्यायला तारीख मागतात. मग समुपदेशकांकडे पाठवतात. तिथे एकदा मुलाची आई येत नाही, एकदा बापालाच रजा मिळत नाही. तेवढ्यात न्यायाधीशांची बदली होते आणि नवीन साहेबांपुढे सगळं पहिल्यापासून. तोवर तीन वर्षांचं पोर चार वर्षांचं होतं आणि कोर्टाच्या खोलीत बापाला बघून आईच्या ओढणीमागे लपतं. मग समोरचे म्हणतात, बघा साहेब, मूल घाबरतंय! अहो, वर्षभर दाखवलंच नाही, तर दुसरं काय होणार?

माझं म्हणणं एवढंच. भेटीच्या अंतरिम अर्जालाही 60 दिवसांची मुदत लावा. आणि आदेश होऊनही तीन वेळा मूल आणलं नाही, तर ताब्याचाच फेरविचार होईल, हे कायद्यात लिहा. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट सांगावं.

वैनगंगा

मला पटत नाही. कारणं सांगते.

माझ्याकडे मुलीचा ताबा आहे. दर दुसऱ्या शनिवारी 11 ते 1, कोर्टातली मुलांची खोली, असा आदेश. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून तिला घेऊन जायचे. रजिस्टरमध्ये सही करायची, वेळ लिहायची. खोलीत एक प्लॅस्टिकची घसरगुंडी, चाकं निखळलेली गाडी आणि भिंतीवर रंग उडालेला ससा. मुलीचे बापसाहेब साडेबाराला उगवायचे. मुलीला मांडीवर घेऊन चार फोटो, त्यातले दोन लगेच स्टेटसला, आणि फोन आला की बाहेर. आदेशात उशीर करणाऱ्याबद्दल एक शब्द नाही. न आणणाऱ्या आईला शिक्षा हवी म्हणता ना? मग न येणाऱ्या बापाला काय, तेही लिहा तुमच्या कायद्यात.

आणि ते 60 दिवस! माझ्या मुलीच्या पोटगीच्या अंतरिम अर्जाला वर्षाहून जास्त लागलं. तुम्हाला हेवा वाटतोय त्याच कलमाखाली. आदेश झाल्यावरही पैसे येत नव्हते, वसुलीसाठी दरखास्त टाकावी लागली. तेव्हा मुदत कागदावर असली म्हणजे काम होतं, हा भ्रम काढून टाका.

तिरकस_रेघ

दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांच्याही वकिलांची फी वेळेवर पोचते आहे. चालू द्या.

वकीलबाई

तिरकसराव, फी वेळेवर पोचत असती तर मी दुपारी इथे लिहीत बसले असते का?

कऱ्हाकाठ, कलम 26 तुम्ही बरोबर वाचलंय, पण 'शक्यतो' या शब्दावरून घाईत पुढे गेलात. तो शब्द आहे म्हणून 60 दिवस उलटले तरी काही बिघडत नाही. भेटीच्या अर्जाला तीच पुरवणी लावली, तर तोच 'शक्यतो' सोबत येईल. शिवाय कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 19 खाली अंतरिम आदेशावर अपील होत नाही. म्हणून ज्याला आदेश नको असतो तो थेट हायकोर्टात रिट याचिका घेऊन जातो आणि स्टे (स्थगिती) मागतो. खाली दोन महिने वाचवलेत तर ते वर जातात.

तीनदा टाळलं की ताबा काढा, हे मात्र मला साफ नामंजूर आहे. 1956 च्या अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम 13 सांगतं, सर्वांत वर मुलाचं हित. ताबा हे आईला किंवा बापाला द्यायचं बक्षीस नाही, तसं काढून घ्यायची शिक्षाही नाही. एक पालक मुलाच्या मनात दुसऱ्याबद्दल विष कालवतोय असं दिसलं, तर कोर्ट ताबा बदलू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या एका निकालात या प्रकाराची दखल घेतली आहे. पण ते पुरावा बघून, मुलाशी बोलून. तीन गैरहजेऱ्या मोजून नाही.

माझ्या मते अर्धी भांडणं आदेशाच्या भाषेतून निघतात. 'वाजवी भेट द्यावी' एवढंच लिहिलेला आदेश म्हणजे पुढच्या पाच अर्जांची सोय. मी पक्षकारांना सांगते, तडजोडीच्या अटी लिहिताना लाजू नका. कोणता वार, किती ते किती, कुठे, मूल कोण सोडणार, कोण घेणार. गणपतीत दीड दिवस कोणाकडे. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, तर पहिला निम्मा कोणाचा आणि पुढच्या वर्षी उलट का. ताप आला तर डॉक्टरची चिठ्ठी फोनवर पाठवायची आणि भेट पुढच्या शनिवारी. उशीर अर्ध्या तासाहून जास्त झाला तर त्या दिवशीची भेट रद्द. वैनगंगाताई, तुमच्या आदेशात हे शेवटचं वाक्य असतं तर घसरगुंडीपाशी ताटकळावं लागलं नसतं. आजी-आजोबांची नावंसुद्धा घाला. नावं नव्हती म्हणून सत्तरीचे आजोबा खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिलेले मी पाहिलेत.

कऱ्हाकाठ

वकीलबाई, हे सगळं तडजोड होते तिथे. आमच्याकडे समोरचा तडजोडीच्या टेबलावरच येत नाही. येऊन करायचं काय? वेळ त्यांच्या बाजूने आहे. मूल ज्याच्या घरात आहे त्याला प्रत्येक तारीख फुकटात मिळते आणि दुसऱ्याचं नातं तेवढं पातळ होतं. शेवटी कोर्ट म्हणतं, मूल आता इथे रुळलंय, हलवू नका. म्हणजे उशिराचा फायदा उशीर करणाऱ्यालाच! यावर तुमच्या बारीक अटींचा काय उपयोग?

अर्धा_डबा

कऱ्हाकाठांशी सहमत, आणि एक भर घालतो. 2025 मध्ये केरळमधलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वडील सिंगापूरला नोकरीला. हायकोर्टाने त्यांना महिन्यातले 15 दिवस ताबा दिला होता, त्यासाठी त्यांनी तिरुवनंतपुरमला फ्लॅट भाड्याने घेतला, विमानाने यायचे. सर्वोच्च न्यायालयाने ते 15 दिवस काढून घेतले आणि कारणांमध्ये काय आलं, तर आठ वर्षांच्या मुलीला तिथे घरचं जेवण मिळत नाही! इथे किती आया स्विगी करतात ते बघा एकदा. बापाने पोळ्या लाटल्या नाहीत म्हणून तो बाप कमी?

वैनगंगा

बातमीचा मथळा वाचून थांबलात, डबा. कोर्टाने म्हटलं की बाहेरच्या जेवणाची सवय मोठ्यांनाही बाधते, आठ वर्षांच्या मुलीला तर नक्कीच. पण पुढचं वाचा. त्या 15 दिवसांत मुलीला वडिलांशिवाय दुसरं माणूसच नव्हतं. आईकडे आजी-आजोबा, तीन वर्षांचा धाकटा भाऊ, आणि आई घरून काम करणारी. हे सगळं तोलून निर्णय झाला. वडिलांच्या प्रेमाबद्दल कोर्ट चांगलंच बोललं. एक आड एक शनिवार-रविवारची भेट आणि व्हिडिओ कॉल ठेवले. महिन्याचे दोन तुकडे केले की मुलाचं आयुष्य समान वाटलं जातं, असं नाही ना.

बाकी पोळ्यांचं म्हणाल तर बापाने लाटाव्यातच. कोणी अडवलंय?

एडिसनकर

न्यू जर्सीत राहतो, घटस्फोटित, दोन मुलं. इथल्या कायद्यात आई आणि बाप यांचे हक्क समान धरून सुरुवात होते. ताब्याचा वाद असेल तर कोर्ट आधी मध्यस्थाकडे पाठवतं. तुमच्याकडे त्याच 1956 च्या कायद्याच्या कलम 6 मध्ये, मुलाचा पालक कोण हे सांगताना, अजून 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' असं आहे म्हणे, आणि पाच वर्षांपर्यंत मूल साधारणतः आईकडे. दोन्ही टोकं एकाच कलमात! 2015 मध्ये विधी आयोगाने 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. दहा वर्षं उलटून गेली. समान ताबा हाच पाया का धरू नये?

वकीलबाई

'त्यांच्यानंतर' याचा अर्थ 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बदलला आहे. वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील, तर आई पालक ठरते. तरी शाळेच्या खिडकीवरचा क्लार्क 'वडिलांची सही आणा' म्हणतोच, ते वेगळं.

आणि एडिसनकर, तुमच्याकडची पूर्ण गोष्ट सांगा की. घरगुती हिंसाचाराचा मनाई आदेश असेल तर तिथे मध्यस्थाकडे पाठवत नाहीत. समान हक्कांनी सुरुवात म्हणजे समान दिवस, असंही तिथे नाही. आपल्याकडेही 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम 21 आहे. भेटीने मुलाला इजा होईल असं वाटलं, तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारू शकतात. कऱ्हाकाठांच्या 60 दिवसांच्या घाईत या तक्रारी तपासायच्या कधी?

दोन_दप्तरं

मी त्या खोलीतली मुलगी. आता नोकरी करते, म्हणून बोलू शकते.

अकरा वर्षांची असताना न्यायाधीशांनी मला चेंबरमध्ये एकटीला बोलावलं. आदल्या रात्री आईने सांगून ठेवलं होतं काय बोलायचं. बाबांनी त्याआधीच्या भेटीत आइस्क्रीम खाता खाता वेगळं सांगितलं होतं. साहेबांच्या टेबलावर काचेखाली कॅलेंडर होतं. त्यांनी चॉकलेट दिलं आणि विचारलं, शाळेत कोणता विषय आवडतो. मी भूगोल म्हटलं. मग हळूच विचारलं, शनिवारी बाबांकडे राहायला आवडेल का. मी म्हटलं, डबा कोण देणार ते आधी ठरवा. कारण सोमवारी बाबांकडून शाळेत जायचे तेव्हा डबा नसायचा आणि वर्गात सगळ्यांना कळायचं. साहेब हसले नाहीत. लिहून घेतलं. आदेशात बाबांकडून परतायला सोमवार सकाळऐवजी रविवार संध्याकाळ आली.

माझ्या मते मोठ्यांचे वाद बहुतेक दिवसांच्या आकड्यावर असतात. मला आकडा कधीच कळला नाही. मला एवढं हवं होतं की ठरलंय तसं होऊ दे. बाबा येणार असले तर येऊ देत, नसले तर आदल्या दिवशी सांगा. कऱ्हाकाठकाका, वर्षभर भेट नसणं वाईटच, मी भोगलंय. पण तीनदा टाळलं म्हणून मला उचलून दुसऱ्या घरी ठेवलं असतं, तर ती शिक्षा आईला नसती झाली.

कऱ्हाकाठ

तुमच्यापुढे 'तीनदा' हा मुद्दा मी रेटणार नाही. ताब्याऐवजी दुसरं काही असू दे. टाळलेल्या भेटीच्या बदल्यात दुप्पट वेळ, समोरच्याचा खर्च, काहीतरी. पण पहिल्या भेटीची मुदत मी सोडत नाही. हिंसाचाराची तक्रार असेल तर समुपदेशकांसमोर, त्याच खोलीत, तासभर भेटू द्या. तपास चालू राहू दे. तासाभराच्या देखरेखीतल्या भेटीने तपासाला कसली बाधा येते? निदान व्हिडिओ कॉल तरी. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की दूर असलेल्या पालकाला व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलायचा हक्क असावा.

वैनगंगा

देखरेखीतली तासभर भेट, पहिल्या दोन महिन्यांत. याला माझी हरकत नाही. फक्त एक अट. ज्या बाईने मार खाल्लाय तिला त्याच जिन्यात, त्याच वेळी, त्याच्यासमोर उभं करू नका. मूल सोडायला तिच्या घरचं दुसरं कोणी चालेल, असं आदेशात असू दे. माझ्या मैत्रिणीला भेटीपेक्षा त्या जिन्याची भीती वाटायची.

आणि भावाला सांगा, थकलेली पोटगी भरून मग अर्ज टाका. कायद्याने दोन्ही वेगळं आहे, मला माहीत आहे. पण न्यायाधीशही माणूसच.

कऱ्हाकाठ

थकलेली नाहीये, ताई. दर महिन्याच्या पाच तारखेला जाते. तुम्ही धरून चाललात की बाप म्हटला की थकवणारच, त्याचंच तर दुःख आहे.

वकीलबाई

मग पैसे पाठवल्याच्या नोंदी अर्जाला जोडा, अंतरिम भेट मागा आणि दिवाळीच्या सुट्टीचं आत्ताच वेगळं लिहा. कोर्टालाही दिवाळीची सुट्टी असते. शेवटच्या आठवड्यात सगळे बाप आणि सगळ्या आया एकदम रांगेत उभ्या राहतात, आणि बोर्डावर नंबर लागेपर्यंत भाऊबीज उलटून गेलेली असते.

तिरकस_रेघ

वकीलबाई, ही सल्ल्याची फी कुठे पाठवायची?