शब्दचर्चा : स्पीकर ‘कर्कश’, ‘चिरका’ की ‘फाटका’?

माळ्यावरचा रेडिओ :
घरच्या स्टिरिओबद्दल मराठीत चार ओळी लिहायला बसलो आणि दुसऱ्याच वाक्यात अडलो. नवे स्पीकर घेऊन तीन महिने झाले. अर्धा तास ऐकलं की कपाळ धरतं. इंग्रजी परीक्षणांत अशा आवाजाला ‘ब्राइट’ म्हणतात, फारच झालं तर ‘हार्श’. मराठीत ‘उजळ आवाज’ लिहिलं तर कौतुक केल्यासारखं होतं, ‘कर्कश’ लिहिलं तर शेजारच्या घरातलं भांडण डोळ्यांपुढे येतं. बाबा नुसतं ‘कानाला लागतंय’ म्हणतात. नेमका शब्द कोणता? शिवाय जो तो सुचवतो की ‘वॉर्म’ अँप्लिफायर (अँप) जोड, स्पीकर आणि अँप एकमेकांशी जुळायला हवेत; ‘मॅचिंग’, ‘सिनर्जी’ म्हणतात म्हणे. ‘वॉर्म’ला ‘उबदार’ म्हणायचं का?

अनुस्वार :
‘उबदार’ नको. उबदार गोधडी असते. शिवाय त्यात एक गंमत आहे. श, ष, स, ह यांना आपल्या व्याकरणात ‘ऊष्म’ वर्ण म्हणतात. म्हणजे ज्या ‘स’च्या फुत्काराने तुमचं कपाळ धरतं, तोच आपल्याकडे आधीपासून उष्ण ठरलेला आहे, आणि तुम्ही त्यावर उतारा म्हणून ऊब शोधताय!

‘कर्कश’ मुळात कानाचा शब्दच नव्हे. संस्कृतात तो आधी हाताला लागतो : खरखरीत, कठीण. मराठीत तो आवाजाला चिकटला, मग स्वभावाला. माझी अडचण वेगळी आहे. ‘कर्कश’ हा निकालाचा शब्द आहे, निदानाचा नाही. ऐकणाऱ्याला त्रास झाला एवढंच तो सांगतो, कशाने झाला ते सांगत नाही. त्यासाठी आपल्याकडे चांगले शब्द पडून आहेत : चिरका, किनरा, किरटा, फाटका, पत्र्यासारखा. खालच्या अंगाला घोगरा, भसाडा. हे एकमेकांचे पर्याय म्हणून वापरू नयेत. किनरा आवाज बारीक असतो, पण टोचेलच असं नाही. चिरका टोचतोच.

इंग्रजी शब्द उचलून भाषांतर केलं की कसा घोटाळा होतो तेही पाहा. त्यांच्याकडे ‘ग्रेनी’ म्हणजे दाणे-दाणे असलेला आवाज हा दोष. आपल्याकडे तान ‘दाणेदार’ असली की मैफलीत माना डोलतात. नाट्यगीत गाणाऱ्याचा आवाज ‘धारदार’ म्हटला तर तो शाबासकीच समजेल.

सोल्डरकाका :
अनुस्वारताई, लाखातलं बोललात. माझी सगळी हयात पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या आसपास गेली. गिऱ्हाईक येऊन ‘काका, कर्कश वाजतंय’ म्हणालं की मला काही कळत नाही. ‘फाटतंय’ म्हणालं की निम्मं काम झालेलं असतं.

आमच्याकडे ‘फाटणं’ म्हणजे अँपचा दम संपणं. लाट जेवढी उंच जायला हवी तेवढी जात नाही, वरचा शेंडा सपाट कापला जातो. त्या कापलेल्या कडांमधून मूळ गाण्यात नसलेले वरचे स्वर निपजतात, तेच कानात घुसतात. लोक ट्वीटरला, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला, शिव्या देतात, गुन्हेगार असतो अँप. स्पीकरच्या पाठीवर आठ ओहम छापलेलं असतं, म्हणजे अँपवर पडणारा विजेचा भार, पण तो आकडा नाममात्र. स्वर बदलेल तसा हा भार खालीवर होतो, काही ठिकाणी साडेतीन-चारपर्यंत उतरतो. तिथे जास्त करंट लागतो. होम थिएटरच्या सात चॅनेलांच्या अँपमध्ये सगळ्यांना मिळून एकच ट्रान्सफॉर्मर, तो हात वर करतो.

‘चिरकं’ वेगळं. ते हळू आवाजातही चिरकंच राहतं. आपला कान तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतो. स्पीकर तिथे किंवा त्याच्या थोडा वर जरा जोरात वाजला तरी बोचतो. इथे मोठा अँप आणून काही होत नाही. तेच चिरकं अधिक ताकदीने ऐकू येतं एवढंच.

आणि ‘पत्र्यासारखं’ म्हणजे पुष्कळदा वरचं जास्त नसतं, खालचं कमी असतं. खर्जच नाही, मग वरचं उघडं पडतं.

तेव्हा माळ्यावरचे दादा, आधी एवढं करा. आवाज निम्म्याहून खाली आणा आणि तेच गाणं लावा. टोचणं गेलं तर फाटत होतं. राहिलं तर चिरकं आहे. मग शब्द ठरवा, आणि अँप त्यानंतर.

तंबोरी :
मिरजेत आमच्याकडे याला शब्द आहे आणि तो कुणालाच आठवला नाही याचं नवल वाटतं. जवारी! तानपुऱ्याच्या घोडीवर तार जिथे हलकेच घासते तिथे दोरा सरकवला की आवाज उमलतो. खुली जवारी म्हणजे वरचे स्वर सळसळत बाहेर येतात, बंद जवारी म्हणजे आवाज गोल, आत वळलेला. तुमचं ‘ब्राइट’ म्हणजे जवारी फार खुली, ‘वॉर्म’ म्हणजे बंद. इतकं सरळ आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शब्दालाही थोडा मान द्या की.

आणि जुळवण्याबद्दल म्हणाल तर जवारी एकदा काढली आणि झालं असं नसतं. सूर बदलला, तारेची जाडी बदलली, की ती पुन्हा बघावी लागते. एकट्या घोडीची जवारी चांगली किंवा वाईट नसते.

अनुस्वार :
तंबोरीताई, शब्द देखणा आहे, पण मी स्पीकरला लावणार नाही. जवारी ही मुद्दाम आणलेली गोष्ट आहे, वाद्याने स्वतः काहीतरी भर घालावी म्हणून. स्पीकरने भर घालू नये ही अपेक्षा. ‘या स्पीकरची जवारी खुली आहे’ असं म्हटलं तर ऐकणारा पैसे काढून विकत घेईल! तुमचं शेवटचं वाक्य मात्र मान्य.

रात्रपाळी, न्यू जर्सी :
इथे मराठी मंडळींत ‘कर्णा’ म्हटलं की हसतात, पण काही घरगुती स्पीकरमध्ये खराखुरा कर्णा असतो. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेत आर्कन्सॉ राज्यातल्या होप गावी १९४६ पासून कोपऱ्यात ठेवायचे कर्ण्याचे मोठे स्पीकर बनवले. एका वॉटला १०५ डेसिबलच्या आसपास आवाज. नेहमीचा लहान स्पीकर ८५ देतो. फरक २० डेसिबलचा, म्हणजे शंभर पट. आपल्याकडे शंभर वॉट जे करतात ते तिथे एक वॉट करतो. अशा कर्ण्यांना थोड्या वॉटचे, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवाले अँप जोडणारे शौकीन पुष्कळ. त्यामागे नुसती हौस नाही. व्हॉल्व्ह अँपचा स्वतःचा आउटपुट रोध जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा भार जसा वरखाली होतो तसा सूरही थोडा हलतो. कधी टोचणारं टोक दबतं, कधी उलट उठतं! ‘व्हॉल्व्ह म्हणजे गोड’ हे सरसकट खरं नाही.

आणखी एक. १९७८ चे यामाहाचे एनएस-टेन, पांढऱ्या पडद्याचे. घरासाठी काढले, नाव झालं स्टुडिओत. आवाज इतका टोचरा की ध्वनिमुद्रण करणारे ट्वीटरपुढे टिश्यू पेपर चिकटवत. कुठला टिश्यू, किती पदरी, यावरही वाद. पुढे कंपनीने १९८७ मध्ये ट्वीटर सुधारून स्टुडिओसाठी वेगळी आवृत्ती काढली. यासाठी मराठी क्रियापद काय? ‘मवाळ करणे’?

बैलपोळा :
सिनर्जी, मॅचिंग असलं काय काय वाचतोय. आमच्या सातारच्या बाजूला ‘जोड’ म्हणतात. तापट खोंड असला तर त्याला मुरलेल्या बैलाशेजारी जुपायचं. दोन्ही तापट जुपले तर औत बांधाबाहेर. दोन्ही थंड जुपले तर दुपारपर्यंत नांगराचं एक तासही निघत नाही. स्पीकर तापट तर अँप मुरलेला बघा. कुस्तीत मात्र ‘जोड’ म्हणजे बरोबरीचे. इथे ती घेऊ नका.

सोल्डरकाका :
पाव्हणं, उदाहरण झकास, पण अर्धंच लागू पडतं. आजकालचा बरा ट्रान्झिस्टर अँप दमात असेल तोवर थंडही नसतो आणि तापटही नसतो, आहे तसं पुढे पाठवतो. १९७८ चा एनएडी ३०२० घ्या. कागदावर वीसच वॉट. पण अवघड भाराला करंट द्यायची ऐपत होती आणि कापला जायची वेळ आलीच तर हळुवार कापायची सोय होती, म्हणून लोक त्याला गोड म्हणत. गोडवा म्हणजे पुष्कळदा न फाटणं. त्यामुळे फाटक्याला जोड अँपची, चिरक्याला जोड खोलीची. खाली गुळगुळीत फरशी, समोर काच, पडदा नाही, अशा खोलीत सौम्य स्पीकरही चिरकतो. सतरंजी टाका, स्पीकरचं तोंड थेट कानाकडे न ठेवता जरा बाहेर फिरवा. पत्र्यासारखं वाजत असेल तर मागच्या भिंतीकडे सरकवा, खालचं भरून येतं.

तबकड्या वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक गोम. साध्या मूव्हिंग मॅग्नेट (चुंबक हलणाऱ्या) सुईला पुढे ४७ किलोओहमचा भार ठरलेला असतो, पण वायरची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, कुणी बघत नाही. ती नको तितकी झाली की सुईच्या आवाजातला वरच्या स्वरांचा उंचवटा खाली सरकून ऐकू येणाऱ्या भागात टोचायला लागतो. तिथे स्पीकर बदलून काय होणार?

माळ्यावरचा रेडिओ :
काका, केलं. आवाज निम्म्याहून खाली आणला तरी ‘स’ बोचतोच. ‘चमचा’, ‘चाफा’ यांतला आपला दंत्य च तर दातावर खडा आल्यासारखा. म्हणजे चिरका. तोंडं बाहेर फिरवली, आईची जुनी सतरंजी टाकली. बराच फरक पडला. बाबा म्हणाले, ‘आता आवाज बसला.’

अनुस्वार :
हे लिहिताना जपून. ‘आवाज बसला’ वाचून कुणीतरी आल्याचा काढा घेऊन येईल. ‘निवळला’ लिहा. गढूळ पाणी निवळतं तसा. रात्रपाळीदादांच्या टिश्यूलाही तेच : ‘आवाज निवळवला’.

तंबोरी :
‘निवळला’ चालेल. जवारी सोडते.

माळ्यावरचा रेडिओ :
उरलेल्या चिरकेपणासाठी ट्वीटरच्या वायरीत रेझिस्टर घालतात असं ऐकलं. कितीचा?

सोल्डरकाका :
आठ ओहमच्या ट्वीटरला मालिकेत एक ओहम घातला तर साधारण एक डेसिबल उतरतो. ऐकायला थोडं वाटतं, पण चिरक्याला तेवढंही पुरतं. पाच वॉटचा पांढरा सिमेंटवाला घ्या, क्रॉसओव्हरच्या (वरचे-खालचे स्वर वाटून देणाऱ्या भागाच्या) पुढे, ट्वीटरच्या अलीकडे. आधी एकाच स्पीकरला लावा आणि दोन्ही आलटून पालटून ऐका. हमी संपलेली नसेल तर डबा उघडू नका, सतरंजीच दुपदरी करा.